दुखण्याच्या हातून कारभार काढून घेताना

सोलापुरात कंबरदुखीचं निदान बहुतेकांच्या तोंडी एका शब्दात असतं: गॅप. "मणक्यात गॅप आहे म्हणाले." गुडघा असेल तर "वंगण संपलंय", मान असेल तर "नस दबलीय". एक्स-रेचं पाकीट कपाटात जातं, पण तो शब्द डोक्यात राहतो. पाठीचा कणा म्हणजे तडा गेलेली भिंत, जरा हललं की कोसळणार, असं चित्र मनात पक्कं होतं. पुढची पाच-दहा वर्षं माणूस कसा उठेल, कसा बसेल, काय सोडून देईल, हे बऱ्याचदा दुखण्यापेक्षा या चित्रावर ठरतं. म्हणून सुरुवात त्या चित्रापासूनच करू.

कंबर दुखत नसलेल्या माणसांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. तीन हजारांहून जास्त लोक होते. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यातल्या गाद्यांवर झिजेच्या खुणा होत्या, ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या. गादी फुगलेली म्हणाल, तर पन्नाशीतल्या दर दहांपैकी सहा जणांची. आणि यातल्या कोणालाच दुखत नव्हतं. चादर धुवून धुवून तिचा रंग उतरतो, म्हणून ती फाटली असं आपण म्हणत नाही. स्कॅनवरची झीज पुष्कळदा एवढीच असते.

पुष्कळदा, नेहमी नाही. लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, पाय लुळा पडत जाणं यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जायचं. ताप, कारण नसताना घटणारं वजन, पूर्वी झालेला कॅन्सर, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, कूस बदलूनही न थांबणारी रात्रीची कळ, ही असतील तर लवकर तपासणी. खालचं सगळं त्यांच्यासाठी, ज्यांच्या तपासण्या झाल्या आहेत, "धोक्याचं काही नाही" असं सांगितलं गेलं आहे, आणि तरीही दुखतंच आहे.

धागा शाबूत, तरी माग बंद

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या किंवा परत परत उठणाऱ्या दुखण्याला वैद्यकात जुनाट वेदना म्हणतात. तीनच महिने का? शरीरातल्या बहुतेक जखमा तेवढ्यात भरून येतात. त्यानंतरही दुखत असेल तर "कुठे काय तुटलं" हा प्रश्न पुरत नाही.

यंत्रमाग पाहिलेल्यांना हे लवकर कळेल. बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबवणारा एक काटा असतो. तो बरोबर लागलेला असेपर्यंत कापड वाचतं. तो बिघडला तर धागा शाबूत असतानाही माग खाड्कन थांबतो, दहा मिनिटांत चारदा. तेव्हा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, कापड उसवून तुटका धागा शोधत बसत नाही, काट्याकडे वळतो. आपल्या मज्जासंस्थेतही असंच होतं. महिनोन्‌महिने इशारे वाहून वाहून मज्जारज्जू आणि मेंदू हळवे होतात. मग साधा स्पर्श, वाकणं, गार वारा यांवरही "धोका" अशी हाळी उठते.

काटा किती हळवा राहणार हे फक्त कंबरेतून ठरत नाही. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी मांडलं की मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे आणि मेंदूकडून खाली येणारे संदेश ते कमी-जास्त उघडतात. तपशील पुढे बदलले, पण मूळ मुद्दा टिकला. अपुरी झोप, भीती, एकटेपणा, पैशाची चिंता, दुखण्यावरच खिळलेलं लक्ष यांनी फाटक उघडतं. सुरक्षित वाटणं, गुंतून जाणं आणि बेताची हालचाल यांनी ते मिटतं.

इथे एक गैरसमज काढलाच पाहिजे. "रिपोर्ट नॉर्मल आहेत, सगळं मनाचं आहे" हे वाक्य चूक तर आहेच, शिवाय नुकसान करणारं आहे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा, दोन्हींचा मिळून अनुभव आहे, आणि "मला दुखतंय" हे माणसाचं सांगणं मान्य करून चाला, असं तीत स्पष्ट म्हटलं आहे. "कंबर लई दुखालीय ओ" म्हणणाऱ्या बाईची कंबर खरंच दुखत असते. मनाची बाजू सांभाळायची ती दुखणं खोटं आहे म्हणून नाही, तर तो काटा ढिला करण्याच्या ज्या थोड्या किल्ल्या आपल्या हातात आहेत, त्यांतली ती एक आहे म्हणून.

धडाक्याचा दिवस आणि आडवं पडण्याचे दोन

जुनाट दुखणं असलेली माणसं बहुधा दोन सवयींत अडकतात. एक भीतीची: दुखेल म्हणून वाकणं बंद, मग जिने बंद, मग लग्नाला जाणं बंद. न वापरलेले स्नायू महिन्या-दोन महिन्यांत कमजोर होतात, थोड्या कामानेही दुखतं आणि भीती खरी ठरल्यासारखी वाटते.

दुसरी सवय कष्टाच्या घरात जास्त दिसते. दोन दिवस दुखण्यात गेले, तिसऱ्या दिवशी जरा बरं वाटलं, की साचलेलं सगळं एका दमात उरकायचं. विडी वळणाऱ्या बाईला मजुरी हजार विड्यांवर मिळते. मांडीवर सूप, मान खाली, ती चार तास उठत नाही. शहरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. पाण्याचा दिवस म्हणजे घागरी, बादल्या, त्यातच धुणं, त्यातच अंथरुणं. दुसऱ्या दिवशी ठणका. मग आडवं. मग परत बरं वाटतं आणि परत धडाका.

दोन्ही सवयींत हुकूम दुखण्याचाच चालतो. कमी असलं तर "चल", जास्त झालं तर "थांब". कामाची मर्यादा दुखण्यावर न सोडता आधी ठरवलेल्या मिनिटांवर सोडायची, ही कल्पना अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी १९७०च्या दशकात रुजवली. अजून तिच्याहून साधं आणि उपयोगी दुसरं काही हाती नाही. कारभार घड्याळाकडे द्यायचा. करायचं कसं, ते नीट पाहू.

एक काम निवडा. विडी वळायला बसणं घेऊ. तीन साधे दिवस, म्हणजे फार चांगला किंवा फार वाईट नसलेला दिवस, बसल्यापासून दुखणं स्पष्ट वाढायला किती मिनिटं लागतात ते लिहा. असह्य होईपर्यंत थांबायचं नाही. समजा ४०, ५५ आणि २५ आले. बेरीज १२०, सरासरी ४०. त्याचे ८० टक्के ३२, सोयीसाठी ३०. हा तुमचा पाया. उद्यापासून मोबाईलवर ३० मिनिटांचा गजर. वाजला की उठायचं, दुखत असो वा नसो. पाच मिनिटं दारापर्यंत चाला, पाणी प्या, हात वर ताणा, मग परत ३०. आठवडाभर जमलं तर पुढच्या आठवड्यात दहा टक्के वाढ: ३३, मग ३६, मग ४०.

"पाच-पाच मिनिटं उठले तर विड्या कमी होतील" ही हरकत रास्त आहे, म्हणून हिशोबच करू. तीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं उठणं, म्हणजे वेळेचा सातवा हिस्सा गेला. आठवड्याच्या सहा कामाच्या दिवसांतले दोन आडवं पडून गेले तर तिसरा हिस्सा जातो. शिवाय त्या पाच मिनिटांत पानं भिजवणं, मोजणं अशी उभ्याने होणारी कामं बसवता येतात.

हा बेत कुठे फसतो हेही ठरलेलं आहे. पाया चांगल्या दिवशी मोजला जातो, मग तो फार वर बसतो. उठायच्या पाच मिनिटांत मान खाली घालून मोबाईल पाहिला जातो, म्हणजे मानेला सुट्टी मिळतच नाही. आणि सर्वांत धोक्याचा दिवस म्हणजे "आज कसं छान वाटतंय" असा दिवस. गजर वाजतो आणि मन म्हणतं, एवढं संपवू. त्या दिवशी उठणं हेच खरं औषध. दुखत असताना कोणीही उठतं.

पाण्याच्या दिवसालाही हेच तत्त्व. मोठ्या बादलीऐवजी लहान कळशी, जमेल तिथे पाइप, आणि त्या दिवशी धुणं नाही. मागावर उभ्या माणसाला मात्र गजर लावून बाजूला होता येत नाही, हे उघड आहे. त्याच्या हातात एवढंच: एका पायाखाली वीतभर उंचीचं ठोकळ्यासारखं काही ठेवून दर पंधरा-वीस मिनिटांनी पाय बदलणं, शेजारच्याशी बोलून आळीपाळीने दोन मिनिटांची उसंत घेणं, आणि घरी आल्यावरचं काम मोजून करणं. बारा तासांच्या पाळीचं उत्तर मानसशास्त्राकडे नाही.

गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या यात्रेत, सात नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या, निघतात. ते पेलणारे थेट संक्रांतीला काठी उचलत नाहीत, आधी कितीतरी दिवस सराव चालतो. धडधाकट माणसाला जे लागतं, ते दुखऱ्या कंबरेला लागणार नाही असं आपण का धरून चालतो?

भीतीशी पैज

मिनिटं वाढवूनही काही हालचालींची धास्ती जात नाही. "वाकून बादली उचलली तर गादी सरकेल" असं वाटत असेल, तर समजावण्याने ते जात नाही, करून पाहिल्याने जातं. कागदावर शिडी करा. पहिली पायरी रिकामी बादली, दुसरी तांब्याभर पाणी असलेली, मग पाव, मग अर्धी. प्रत्येक पायरीआधी लिहा की काय होईल असं वाटतंय आणि किती टक्के खात्रीने: "कळ येईल, दोन दिवस उठता येणार नाही, ८० टक्के." मग तीन वेळा उचला. दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते शेजारी लिहा. बहुधा असं दिसतं: "दुखलं थोडं, पण उठलो." भाकीत आणि घडलेलं यांतला हा फरक चार-पाचदा स्वतःच्या अक्षरात वाचला की खात्री ८०वरून ३०वर येते. दुखलं म्हणजे इजा झाली असं नसतं, हे डॉक्टरांनी दहादा सांगून जे होत नाही ते या वहीने होतं. एका वेळी एकच पायरी, आणि पट्टा बांधून किंवा गोळी खाऊन नाही. नाहीतर श्रेय पट्ट्याला जातं.

उठाव येणारच

सगळं नीट करूनही दुखणं मधूनच उसळतं. त्यासाठीचा कागद आधीच लिहून फ्रिजवर किंवा देवघराजवळ लावा, कारण उसळलेल्या दिवशी डोकं चालत नाही. त्यावर काय असावं? कामं निम्म्यावर, शून्यावर नाही: ३० मिनिटं असतील तर १५. झोपून राहणं दिवसातून दोन-तीनदा, अर्धा-अर्धा तास. शेक. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी, सांगितली तेवढीच. पाच मिनिटं सावकाश श्वास, घेताना चार आकडे, सोडताना सहा. घरात कोणाला सांगायचं त्याचं नाव. दोन-तीन दिवसांनी निम्म्यावरून पाऊणवर, मग पूर्ण. आणि तळाशी मोठ्या अक्षरात मागच्या उठावाची तारीख आणि तो किती दिवसांत ओसरला ते. त्या क्षणी "आता हे कधीच थांबणार नाही" असं वाटत असतं, तेव्हा ही एक ओळ फार कामाला येते.

स्वीकार म्हणजे भोग नव्हे

आपल्याकडे "स्वीकारा" म्हटलं की "नशिबाचे भोग आहेत, सोसा" असं ऐकू येतं. उपचारात या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. दुखणं शून्य झाल्यावर जगायला सुरुवात करू, ही अट मागे घ्यायची, एवढाच. ती मागे घेताना माणसाला दुःख होतं आणि ते व्हायलाच हवं. सगळ्या घराच्या भाकऱ्या एकटीने थापणारी बाई, पोतं पाठीवर घेणारा हमाल, यांची घरातली ओळखच त्या कामात असते. ती गेली की रडू येतं, चिडचिड होते, डॉक्टर बदलले जातात. त्याला नाटक म्हणू नये आणि घाईने "पॉझिटिव्ह राहा" असंही म्हणू नये.

मग काय करायचं? जे महत्त्वाचं आहे त्यातलं एक उचलून दुखण्याला पेलेल एवढ्या मापाचं करायचं. गड्ड्याला दरवर्षी नातवंडांना घेऊन जायचं आणि तीन वर्षं बंद आहे? पूर्ण संध्याकाळ नको. गर्दी कमी असताना, दुपारी, एक तास. बसायला कुठे मिळेल ते आधी ठरवा. एक तास झाला की निघायचं, पाळण्याची रांग कितीही छोटी असली तरी. सगळ्या भाकऱ्या जमत नाहीत? चार थापायच्या, बाकी कडक भाकरी विकत. आपल्या गावात तेवढी सोय आहे आणि त्यात कमीपणा काही नाही.

घरच्यांसाठी थोडं. "तू बस, मी करते" हे प्रेमाने म्हटलं तरी दिवसातून दहादा म्हटलं की समोरच्याला आपण निकामी झालो असं वाटतं. "बाहेरून तर काही दिसत नाही" हे त्याहून वाईट. दर तासाला "दुखतंय का?" विचारू नका, लक्ष परत तिथेच जातं. विचारायचंच तर "आज गजराप्रमाणे झालं का?" असं विचारा. आणि ज्याला दुखतं त्याने नवऱ्याला, सुनेला, मुलाला कण्हून न कळवता सरळ सांगावं: "आज पाणी तू भर, भाजी मी चिरते." शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत सासूचं "नोप्पी" (दुखणं) तेलुगूत येईल, सुनेचं मराठीत. मागणी मात्र दोघींची स्पष्ट हवी.

रात्र आणि गोळ्या

झोप बिघडली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त लागतं. झोपायची वेळ हातात नसते, उठायची असते: ती रोज एकच ठेवा, रात्र कशीही गेली तरी. वीसेक मिनिटं टक्क जाग असेल तर अंथरुणातून उठा, मंद उजेडात बसा, डोळे जड झाले की परत या. दुपारची डुलकी तीनच्या आत, अर्धा तास. उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्यांनी जमिनीवरून उठण्याचा त्रास धरून खाट वर न्यावी. कंबरेसाठी कडक फळीवरच झोपलं पाहिजे असं काही नाही, मध्यम घट्ट गादी चालते, बहुतेकांना बरीच पडते.

मेडिकलमधून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांबद्दल सोलापूरकरांनी जास्त जपायला हवं. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. पारा चाळिशीच्या वर, घामाने शरीरातलं पाणी गेलेलं, त्यात रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधं चालू, आणि वर ही गोळी रोज, हा मूत्रपिंड बिघडवण्याचा सरळ रस्ता आहे. नावगाव नसलेल्या पुड्या त्याहून वाईट. त्यांत स्टिरॉइड निघाल्याचे प्रकार घडले आहेत, म्हणूनच त्या "जादूसारख्या" लागू पडतात. अशी पुडी बरेच महिने चालू असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून कमी करत न्या.

उलट, डॉक्टरांनी ॲमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलॉक्सेटिन लिहून दिलं आणि नेटवर "डिप्रेशनची गोळी" असं वाचलं म्हणून ती फेकू नये. मेंदूतून खाली येणारे, फाटक मिटवणारे संदेश ती वाढवते. ॲमिट्रिप्टिलिन दुखण्यासाठी रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात, उदासीनतेसाठी लागणाऱ्या मात्रेहून बरंच कमी. तोंड कोरडं पडतं, सकाळी जड वाटतं. फरक कळायला काही आठवडे लागतात, आणि लोक नेमकी आठव्या दिवशी सोडतात.

दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, जगून काय उपयोग असं वाटत असेल, तर ते दुखण्यासोबत येणारं, पण वेगळा उपचार लागणारं आजारपण आहे. सिव्हिलमध्ये मनोविकार विभाग आहे. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर उद्यावर ढकलू नका, घरच्यांनी एकटं सोडू नका.

राहिली वही. शाळेची साधी वही चालेल. तीन रकाने: काम, ठरवलेली मिनिटं, झालेली मिनिटं. दुखणं दहापैकी किती, हा रकाना रोजचा मुद्दाम ठेवायचा नाही. रोज मोजलं की रोज शोधलं जातं. तो आकडा फक्त रविवारी, एकदा. पहिले सहा-आठ आठवडे तो बहुधा हलणारच नाही, सात होता तिथे सातच राहील. तोवर मधल्या रकान्यात ३०चे ४० झालेले असतील. त्या दिवसांत पाहायचं ते तिथे.